तुरटीचा मोठा स्फटिक आणि न संपणारी पायरी

आपल्याकडे लेकराची दृष्ट काढून तुरटी निखाऱ्यावर टाकतात. ती फुगून वेडीवाकडी झाली की तिच्यात नजर लावणारीचं तोंड शोधतात. तुरटीच्या वजनात सुमारे 45 टक्के पाणी असतं. ते वाफ होऊन निघताना ती फुगते, एवढंच. या आकारावरून जावाजावांत वर्षानुवर्षे अबोला राहतो, हे थांबायलाच हवं.

याच तुरटीचा आठ त्रिकोणी बाजूंचा पारदर्शक स्फटिक घरी वाढवता येतो. गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी विरघळवून गाळायची आणि निवू द्यायची. तळाशी बसलेल्या बारीक खड्यांतला एक नितळ खडा नायलॉनच्या धाग्याला बांधून वरच्या निवळीत टांगायचा. पाणी हळूहळू उडतं, द्रावण किंचित अतिसंपृक्त होतं, म्हणजे त्यात मावते त्याहून थोडी जास्त तुरटी राहते, आणि खडा वाढू लागतो.

पण तो वाढतो कसा? सपाट बाजूवर एकटा येऊन बसलेला कण टिकत नाही. त्याला धरायला शेजारी कमी, म्हणून तो पुन्हा पाण्यात जातो. अर्धवट थराच्या कडेला, पायरीच्या कोपऱ्यात तो पक्का बसतो. थर भरला की मात्र पायरीच संपते. या हिशेबाने किंचित अतिसंपृक्त द्रावणात वाढ जवळजवळ थांबायला हवी, आणि ती तर चालूच असते! 1949 मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ एफ. सी. फ्रँक यांनी हे कोडं सोडवलं. स्फटिकाच्या रचनेत मळसूत्री दोष असतो. त्याच्याभोवती थर सुटे नसतात. गोल जिन्यासारखा एकच थर वर चढत जातो. कण बसत गेले की पायरी त्या दोषाभोवती फिरते, संपत नाही. रचनेतल्या चुकीमुळे स्फटिक वाढतो, याहून सुंदर गोष्ट मला रसायनशास्त्रात क्वचितच भेटली.

मराठवाड्यात खरी अडचण उन्हाळ्याची. 20 अंशांना जेवढी तुरटी विरघळते, तिच्या अडीचपटीहून जास्त 50 अंशांना विरघळते. पत्र्याच्या खोलीत दुपारी द्रावण तापलं की ते स्फटिकाच्या कडा खातं. रात्री ते भराभर निवलं की घाईच्या वाढीत द्रावणाचे थेंब आत अडकतात आणि स्फटिक दुधाळ होतो. माळवदाच्या घरातली आतली खोली यासाठी उत्तम. जाड मातीच्या भिंतींमुळे तिथे दिवस-रात्रीचा फरक कमी जाणवतो. भांड्यावर दुहेरी फडकं बांधा, नाहीतर एप्रिलच्या कोरड्या हवेत पाणी फार लवकर उडतं आणि तळाशी नव्या खड्यांचा चुरा पडतो.

तयार स्फटिक पाण्याने धुऊ नका, नुसता टिपा आणि घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा.