जनुकांतरित मका आणि त्याच्या सुरक्षिततेचा वाद

दुसऱ्या सजीवातले जनुक प्रयोगशाळेत मक्यात घालून तयार केलेल्या वाणांना जनुकांतरित मका म्हणतात. बोलण्यात 'जीएम मका'. अमेरिकेत 1996 पासून याची व्यापारी लागवड होते आणि आज तिथला 90 टक्क्यांहून अधिक मका याच प्रकारचा असतो. भारतात लागवडीची परवानगी नाही. गोव्यात तर मका हे मुख्य पीकच नव्हे: सरदाचे (पावसाळी) भात, वायंगणातले (हिवाळी) भात किंवा अळसांदे (चवळी), भाजी अशा इथल्या चक्रात मका दिसतो तो बहुतेक दुभत्या जनावरांचा हिरवा चारा म्हणून. खाण्याची कणसे घाटावरून येतात.

या कणसांबद्दलचा एक गैरसमज आधी दूर केलेला बरा. मिरामारला निखाऱ्यावर भाजून मिळणारे पिवळेधमक 'अमेरिकन स्वीट कॉर्न' जीएम असते असे अनेकजण ठामपणे सांगतात. ते संकरित असते. त्याची गोडी मक्यात निसर्गतः झालेल्या उत्परिवर्तनातून, म्हणजे जनुकातल्या बदलातून, येते. त्यामुळे दाण्यातल्या साखरेचा पुरेसा स्टार्च होत नाही. संकर म्हणजे मक्याशी मक्याचेच लग्न. जनुकांतरणात पाहुणा बाहेरचा असतो.

हा पाहुणा बहुधा बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूकडून घेतात. 'बीटी' ही त्याचीच आद्याक्षरे. या जनुकामुळे झाडातच 'क्राय' प्रथिन तयार होते. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते सक्रिय होते, तिथल्या पेशींवरच्या विशिष्ट ग्राहकांना (जोडणीच्या जागांना) चिकटते आणि आतड्याला छिद्रे पाडते. माणसाचे जठर आम्लधर्मी, आणि ते ग्राहकही आपल्याकडे नाहीत. दुसरा प्रकार तणनाशक सहन करणारा: ग्लायफोसेट फवारले की तण मरते, मका उभा राहतो. आता बऱ्याच वाणांत दोन्ही गुण एकत्र असतात.

वादाची पहिली मोठी ठिणगी 'स्टारलिंक' या बीटी वाणाने टाकली. त्यातले क्राय9सी प्रथिन उष्णतेने सहज मोडत नाही आणि पचायलाही वेळ घेते, म्हणून ॲलर्जीची शंका होती. 1998 मध्ये अमेरिकेने तो फक्त पशुखाद्यासाठी मंजूर केला. 2000 मध्ये तो दुकानातल्या टाको शेलमध्ये (मक्याच्या कुरकुरीत पोळ्यांमध्ये) सापडला आणि माल परत घ्यावा लागला. त्रास झाल्याची तक्रार करणाऱ्यांच्या रक्ताच्या तपासणीत क्राय9सीच्या ॲलर्जीचा पुरावा मिळाला नाही. पण जनावरांसाठीचा मका माणसांच्या मक्यापासून वेगळा ठेवता येत नाही, हे मात्र सिद्ध झाले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वात उपयोगी धडा हाच.

सर्वाधिक गाजला तो फ्रान्सचे जीवशास्त्रज्ञ जिल-एरिक सेरालिनी यांचा 2012 चा प्रयोग. एनके603 हा तणनाशक सहन करणारा मका दोन वर्षे खाल्लेल्या उंदरांच्या गाठींची छायाचित्रे जगभर फिरली. मात्र वापरलेल्या स्प्रॅग-डॉली जातीच्या उंदरांना उतारवयात गाठी तशाही होतात आणि प्रत्येक गटात जेमतेम दहा उंदीर होते. नियतकालिकाने 2013 मध्ये निबंध मागे घेतला. 2014 मध्ये तो दुसरीकडे पुन्हा छापला गेला. छायाचित्रे मात्र मोबाइलवर अजून फिरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या 2016 च्या अहवालाला, जीएम अन्नामुळे माणसाच्या आरोग्याला अधिक धोका असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही.

शेतातली बाजू इतकी निश्चिंत नाही. मोनार्क फुलपाखरांच्या अळ्यांना बीटी परागाचा धोका असल्याचे 1999 च्या प्रयोगाने सुचवले होते. प्रत्यक्ष शेतातल्या पाहणीत तो नगण्य ठरला. कीड मात्र सरावली. प्युर्टो रिकोत 2006 च्या सुमारास लष्करी अळी बीटी मक्याला दाद देईनाशी झाली, पुढे अमेरिकेतल्या आयोवात मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्यांनी तेच केले. बीटी कापसालाही न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीचा अनुभव असलेल्या विदर्भातल्या कापूसवाल्याला यात नवल वाटणार नाही. ग्लायफोसेटला न जुमानणारी तणेही वाढली, आणि त्या रसायनाला 2015 मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकले. म्हणजे 'मका सुरक्षित आहे का' या एका प्रश्नात दाणा, फवारणी आणि बियाण्याची मालकी असे तीन वेगळे प्रश्न कोंबलेले असतात, आणि भांडणारे अनेकदा वेगवेगळ्या प्रश्नांवर भांडत असतात.

भारतात अशा पिकांना 1989 च्या नियमांनुसार केंद्रीय समितीची मंजुरी लागते. कापसाला ती 2002 मध्ये मिळाली. बीटी वांग्याला 2010 मध्ये स्थगिती आली. म्हापशातून सेंद्रिय शेतीची चळवळ चालते त्या गोव्यात वांग्याचा वाद जास्त झोंबला, कारण आगशीचे वांगे इथे अभिमानाचा विषय, आणि वांग्याचा पराग शेजारच्या वांग्यावर जाऊ शकतो. मक्याचा पराग मक्यावरच रुजतो. कोरगुट या इथल्या भाताच्या वाणाला किंवा अळसांद्याला तो काही करू शकत नाही.

आयात मक्यासह 24 पिकांच्या मालासोबत तो जीएम नसल्याचे प्रमाणपत्र 2021 पासून लागते. एक टक्क्यापर्यंत भेसळ चालते. गोठ्यातले चित्र वेगळे आहे. देशातला बहुतेक कापूस बीटी असल्याने सरकी पेंडही त्याचीच असते. जिच्या आंबोणात सरकी पेंड पडते, ती गोव्यातली गाय क्राय प्रथिनांची पिके मक्याआधीच खात आली आहे.