पॉलिश रंग झिजवतं, वॅक्स रंग राखतं

‘वॅक्स-पॉलिश करून द्या’ असं आपण एका दमात सांगून मोकळे होतो. रोजच्या वापरातल्या गाडीचं त्यात फारसं बिघडत नाही. पण दारात फेरारी किंवा पोर्शे उभी असेल, तर ही दोन कामं वेगवेगळी सांगावीत.

पॉलिशमध्ये घासणारे बारीक कण असतात. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रोनचा (मायक्रोन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ओरखडा म्हणजे या थरात पडलेली चर. पॉलिश ती चर भरत नाही. आजूबाजूचा थर घासून ते चरीच्या तळापर्यंत खाली आणतं, मग प्रकाश विखुरायचा थांबतो आणि गाडी आरशासारखी दिसते. हलक्या पॉलिशच्या एका फेरीत एखाद-दोन मायक्रोन जातात, कॉम्पाउंड, म्हणजे जास्त खरखरीत पॉलिश, वापरलं तर त्याहून जास्त. चंदन उगाळलं की खोड झिजतंच. गेलेला थर परत येत नाही, आणि ऊन अडवणारी द्रव्यंही त्याच थरात असतात.

वॅक्स यातलं काहीच काढत नाही. ईशान्य ब्राझीलमधल्या कार्नौबा ताडाच्या पानांवरचं हे मेण रंगावर पातळसा पापुद्रा धरतं, पाणी मण्यांसारखं ओघळवतं आणि लाल किंवा काळ्या रंगाला खोली देतं. ओरखडे मात्र जिथल्या तिथेच राहतात. काही वॅक्समधली तेलं ते तात्पुरते झाकतात. चार धुण्यांनंतर ते पुन्हा वर येतात, आणि मालकाला वाटतं गाडी कुणीतरी नव्याने खरवडली.

गोव्यात हा घोळ महागात पडतो. डिचोली, सांगे भागातली तांबडी धूळ बॉनेटवर बसते आणि कुणीतरी कोरड्या फडक्यानं ती पुसतं. हात जसा गोल फिरतो तसे गोल ओरखडे उठतात. सावलीत ते जाणवत नाहीत. रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली कोळ्याचं जाळं पसरल्यासारखे दिसतात. मग पॉलिश. दोन महिन्यांनी पुन्हा धूळ, पुन्हा फडकं, पुन्हा पॉलिश. माझं मत स्पष्ट आहे: आधी धुण्याची पद्धत बदला. धूळ भरपूर पाण्यानं सोडवा, मग शॅम्पू आणि स्वच्छ मायक्रोफायबर. पॉलिश फार क्वचित, तेही पावसाळा सरल्यावर. वॅक्स मात्र पुन्हा पुन्हा लावायला हरकत नाही, कारण खारा वारा आणि ऊन यांच्यापुढे कार्नौबा काही आठवडेच टिकतं. मे महिन्याच्या अखेरीस तर मी कार्नौबापेक्षा सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच पण कृत्रिम लेप, निवडीन. चमक थोडी थंड वाटते, पण पावसात तेच जास्त काळ तग धरतं.

आता गाडीला काय हवंय ते ओळखायचं कसं? धुतलेल्या पॅनलवर टॉर्च तिरका धरा. गोल रेषा दिसल्या तर पॉलिशचा विचार करा. रेषा नाहीत, पण पाणी मणी न होता सपाट पसरतंय, तर नुसतं वॅक्स पुरे. वॅक्स सावलीत, थंड पत्र्यावर, अगदी पातळ लावावं. आपल्याकडच्या दमट हवेत ते सुकायला वेळ घेतं, म्हणून बोट फिरवून बघावं. फरफटल्यासारखा ओला डाग राहिला तर अजून थांबायचं.

पॉलिश करायचंच ठरलं, तर कारागिराला आधी विचारा, रंगाची जाडी कशानं मोजणार? लोखंडी पत्र्यावर चालणारा चुंबकी मीटर फेरारी ४५८ च्या अ‍ॅल्युमिनियमवर कामाचा नाही, तिथे एडी करंटवाला, म्हणजे धातूत वीजप्रवाह उठवून जाडी मोजणारा, लागतो. कार्बन फायबरवर हे दोन्ही निकामी, तिथे ध्वनिलहरींनी मोजणारा अल्ट्रासोनिकच हवा. फेरारी एफ४० चा रंग इतका पातळ, की खालची कार्बन-केव्हलारची वीण दिसते. अशा गाडीवर अंदाजानं मशीन फिरवणं म्हणजे रंगावर पाणी सोडणं. दरवाजाच्या कडा आणि बॉनेटच्या उठावांवर तर थर आणखी पातळ असतो, म्हणून तिथे टेप लावून घ्यायला सांगा. काही जुन्या गाड्यांना क्लिअर कोटच नसतो. पॉलिशच्या पॅडवर गाडीचाच रंग उतरायला लागला, तर हात तिथेच थांबवावा.

मॅट रंगाची लॅम्बोर्गिनी असेल तर पॉलिश नको आणि नेहमीचं वॅक्सही नको. घासलेल्या जागी चकाकणारा डाग पडतो, तो पुन्हा मॅट होत नाही, आणि अख्खं पॅनल नव्याने रंगवावं लागतं.