फुटपाथ जितका उंच, तितका सुरक्षित? खुलासा

‘फुटपाथ उंच बांधा, म्हणजे गाड्या चढणार नाहीत’ हा सोलापुरात जुना समज आहे. प्रत्यक्षात उलटं होतं. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या सूचनांनुसार (आयआरसी १०३) कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिमी, म्हणजे वीतभरही नाही.

ती ३० सेंमी केली की गुडघे दुखणारी आजी चढतच नाही. शिवाय दर गेटपाशी गाडीसाठी फुटपाथ तोडावा लागतो. दहा घरं, दहा चढउतार! माणूस कंटाळून डांबरावर उतरतो आणि दुचाकी त्याच उतारावरून आरामात वर येते. व्हीलचेअरचा उतार १:१२ लागतो: १५ सेंमीला १.८ मीटर, ३० ला ३.६ मीटर. नवी पेठेत एवढी जागा आणणार कुठून?

चारचाकी अडवायला खांब लावा, मधे १.२ मीटर अंतर ठेवून. दुचाकीला मात्र दंडच हवा.

रुंदी मोजताना विजेच्या डीपी (पेट्या), पाट्या, हातगाडे वगळून किमान १.८ मीटर मोकळी हवी. झाडांची आळी त्याबाहेर, पण झाडं हवीतच. चाळिशी पार केलेल्या एप्रिलच्या उन्हात सावलीविना गुळगुळीत फुटपाथही रिकामाच राहतो.