सेन्सर लावण्याआधी आराखडा

सोसायटी, दवाखाना किंवा अभ्यासिका ‘स्मार्ट’ करायला बोलावलं, की पहिल्या भेटीत आम्ही फक्त प्रश्न विचारतो. पाणी किती वाजता येतं? रात्री जिन्यात कोणाचा वावर असतो? हा वेळ का लागतो, ते या पत्रकात सांगतो.

सेन्सर एवढंसंच सांगतो, अर्थ आपल्याला लावावा लागतो. खोल्यांमध्ये सर्रास लावतात तो पीआयआर सेन्सर ऊबदार शरीराची हालचाल टिपतो. आजोबा खुर्चीत निवांत पेपर वाचत बसले, तर त्याच्या लेखी खोली रिकामी, आणि दिवा बंद! म्हणून आमच्या रचनेत सेन्सर थेट दिव्याला हुकूम देत नाही. त्याची नोंद सॉफ्टवेअरच्या मधल्या थरात जाते. आत हालचाल दिसली आणि त्यानंतर दार उघडलंच नाही, तर माणूस आतच आहे, हे तिथे ठरतं. ‘माणूस आहे आणि अंधार आहे, तर दिवा लावा’ हा नियम त्याच्याही वरच्या थरात. उद्या पीआयआरच्या जागी रडार सेन्सर आला, तरी नियमाला हात लावावा लागत नाही.

पंपाचं काम जास्त जोखमीचं. मुंबईत पालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येतं. खालची टाकी कोरडी असताना पंप चालला, तर त्याचं सील जळतं. टाकीतली पातळी सांगणारा तरंगता फ्लोट अडकला असेल तर तो ‘पाणी आहे’ असंच सांगत राहणार. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत तिची वेळ ठेवतो आणि दुसरी खूण ताडून पाहतो. पंप चालू असूनही वरच्या टाकीची पातळी चढत नसेल, तर पंप थांबतो आणि सेक्रेटरींना मेसेज जातो.

हे सगळं ठरवणारी पेटी तुमच्याच मीटर रूममध्ये असते. पावसात इंटरनेट गेलं तरी पंप आणि दिवे अडत नाहीत. सेन्सर आणि पेटी एमक्यूटीटी या संदेश पाठवण्याच्या पद्धतीने बोलतात. १९९९ साली तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी तयार झालेली ही पद्धत आज सर्वांना खुली आहे, त्यामुळे पुढे दुसऱ्या कुणाकडून काम करून घ्यायलाही तुम्ही मोकळे.

कोण कधी घरी असतं, ही माहिती नाजूक. ‘माणूस आहे’ एवढं कळण्यासाठी कॅमेरा लागत नाही, म्हणून आम्ही तो सुचवत नाही. हालचालीच्या नोंदी इमारतीबाहेर जात नाहीत. भिंतीवरचं बटण मात्र कायम राहतं, आणि त्याचा शब्द शेवटचा.

पहिल्या भेटीला सेक्रेटरींसोबत वॉचमन आणि पंप चालवणाऱ्यांनाही बोलवा. कुठला फ्लोट अडकतो, ते त्यांनाच नेमकं माहीत असतं.