विधी सीईटीची तयारी

महाराष्ट्रातील विधी महाविद्यालयांत एलएल.बी.ला प्रवेश घेण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या सामाईक प्रवेश परीक्षेचा अभ्यास आणि त्या परीक्षेतील गुण वाढवण्याच्या पद्धती. मुंबईतील राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष ही परीक्षा घेतो. विद्यार्थी तिला ‘लॉ सीईटी’ म्हणतात. २०१६ पासून ती सुरू झाली. त्याआधी बारावीच्या किंवा पदवीच्या गुणांवर प्रवेश होत. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय (स्थापना १८५५) आणि पुण्याचे आयएलएस विधी महाविद्यालय (स्थापना १९२४) यांसारख्या जुन्या संस्थांची दारेही आता याच परीक्षेतून उघडतात.

परीक्षा दोन आहेत. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी एक आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दुसरी. पूर्वी १५० प्रश्न असत. आता १२० प्रश्न, १२० गुण आणि १२० मिनिटे असे सोपे गणित आहे. संगणकावर द्यायच्या या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पाच वर्षांच्या परीक्षेत विधी अभिक्षमता ३२, सामान्य ज्ञान २४, तर्क ३२, इंग्रजी २४ आणि गणित ८ गुणांचे असते. तीन वर्षांच्या परीक्षेत गणित नाही. विधी २४, सामान्य ज्ञान ३२, तर्क २४ आणि इंग्रजी तब्बल ४०. पदवीधर उमेदवाराने हा शेवटचा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. पेपरचा तिसरा हिस्सा इंग्रजीचा आहे, आणि बाकीचे प्रश्न मराठीतही वाचता येत असले तरी हा विभाग इंग्रजीतच सोडवावा लागतो. मराठी माध्यमातून पदवी घेऊन, नोकरी-संसार सांभाळून कायद्याकडे वळणारे कितीतरी उमेदवार कलमे पाठ करण्यात महिने घालवतात आणि इंग्रजी शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. सर्वांत जास्त गुण तिथेच हातचे जातात. रोज एक इंग्रजी अग्रलेख वाचून त्यातली पाच-सहा अनोळखी शब्दांची वाक्ये उतरवून काढण्याची सवय तीन महिने टिकली, तर त्याचा उपयोग पुढे वकिलीतही होतो.

गुण वाढवण्याचा खरा मार्ग सराव परीक्षांच्या संख्येत नसून त्यांच्या तपासणीत आहे. दोन तासांचा सराव पेपर सोडवला, गुण पाहिले आणि पुढचा पेपर उघडला, तर त्याच चुका अधिक पक्क्या होतात. म्हणून अनेक विद्यार्थी ‘चुकांची वही’ ठेवतात. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर कारण लिहायचे : माहीतच नव्हते, माहीत होते पण घाईत वाचले, दोन पर्यायांत अडकलो, की प्रश्नाची भाषाच कळली नाही. महिनाभराने वही चाळली की गळती कुठे आहे ते आपोआप दिसते. बहुतेकांना वाटते की आपले ज्ञान कमी पडते. वहीत मात्र ‘घाईत वाचले’ हेच कारण पानोपानी सापडते. केवळ अंदाजाने टिचकी मारून बरोबर आलेले प्रश्नही वहीत यायला हवेत, कारण पुढच्या वेळी तोच अंदाज दगा देतो.

विधी विभागातला एक प्रश्न जवळून पाहण्यासारखा आहे. तत्त्व दिलेले असते : ‘धोका ओळखून तो स्वखुशीने पत्करणाऱ्या व्यक्तीला त्या धोक्यातून झालेल्या इजेची भरपाई मागता येत नाही.’ मग घटना : एक प्रेक्षक तिकीट काढून क्रिकेटचा सामना पाहायला जातो. चहापानाच्या वेळी स्टँडच्या छपराचा, वेळेवर दुरुस्त न केलेला पत्रा त्याच्या खांद्यावर पडतो. भरपाई मिळेल का? घाई करणारा ‘स्वखुशीने’ हा शब्द पकडतो आणि ‘नाही’ म्हणतो. पण प्रेक्षकाने पत्करला तो सीमापार येणाऱ्या चेंडूचा धोका. गंजलेल्या पत्र्याचा नव्हे. तत्त्वात ‘त्या धोक्यातून’ असे शब्द आहेत आणि उत्तर त्या ‘त्या’त दडलेले आहे. भरपाई मिळेल. दुसरी नेहमीची चूक दयेपोटी होते : जखमी माणसाची बाजू घ्यावीशी वाटते आणि तत्त्व बाजूला राहते. अशा प्रश्नात दिलेले तत्त्व, मनाला पटो वा न पटो, हाच त्या मिनिटापुरता कायदा. तत्त्वातला एकेक शब्द घटनेवर ठेवून पाहण्याची ही सवय लागली की या प्रकारचे प्रश्न सहसा चुकत नाहीत.

मराठी माध्यमाच्या उमेदवाराची आणखी एक अडचण असते, आणि तिच्याकडे शिकवणी वर्गांत पुरेसे लक्ष जात नाही. कायद्याची मराठी ही घरातली मराठी नाही. टॉर्टला (भरपाई मागता येणारी दिवाणी चूक) अपकृत्य, काँट्रॅक्टला (करार) संविदा, रिटला (वरिष्ठ न्यायालयाचा आदेश) प्राधिलेख म्हणतात. संविधानाच्या अनुच्छेद ३२ मधील पाच प्राधिलेख मराठी प्रतीत देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार आणि प्राकर्षण या नावांनी येतात. न्यायालयात आणि वर्तमानपत्रात मात्र हेबिअस कॉर्पस, मँडामस हेच ऐकू येते. ज्याने एकच नाव पाठ केले, तो दुसरे दिसले की गडबडतो. त्यामुळे प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत एका ओळीत लिहिलेली स्वतःची यादी असावी. भाषा संचालनालयाचा ‘न्याय व्यवहार कोश’ आणि संविधानाची मराठी प्रत यासाठी उपयोगी पडतात. पडद्यावर एखाद्या प्रश्नाचा मराठी अनुवाद अडखळला, तर लगेच इंग्रजी पाठ वाचून खात्री करून घ्यावी.

जुन्या मार्गदर्शक पुस्तकांपासून सध्या विशेष सावध राहावे लागते. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि १८७२ च्या पुरावा कायद्याऐवजी भारतीय साक्ष्य अधिनियम. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ आता १०३ झाले. ‘चारसो बीस’ हा शब्द बोलण्यात राहील, पण फसवणुकीचे कलम आता ३१८ आहे. ५११ कलमांची जुनी संहिता ३५८ कलमांवर आली. फुटपाथवर अर्ध्या किमतीत मिळणारा प्रश्नसंच तर्काच्या सरावाला चालेल, विधी विभागाला नाही.

सीईटीबरोबर अनेक जण क्लॅटही देतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ही परीक्षा २००८ मध्ये सुरू झाली. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे प्रवेश तिच्यातून होतात. तिथेही १२० प्रश्न आणि दोन तास, पण घडण वेगळी. सगळे प्रश्न उताऱ्यांवर बेतलेले, परीक्षा इंग्रजीत आणि कागदावर, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कमी. क्लॅट डिसेंबरात, बारावीच्या बोर्डाच्या परीक्षेआधी येते. सीईटी अलीकडे साधारण मार्च ते मे या काळात होते. क्लॅटच्या तयारीने वाचनाचा वेग येतो आणि तो सीईटीत उपयोगी पडतो. उलट सीईटीला लागणारी पाठांतराची माहिती, म्हणजे अनुच्छेद, निवाडे, संज्ञा, क्लॅटमध्ये थेट कामी येत नाही.

उत्तर येत नसेल तेव्हा काय करावे, हेही परीक्षेनुसार बदलते. सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे शुद्ध नुकसान. चार पर्यायांतून डोळे मिटून २० उत्तरे निवडली तरी सरासरी ५ बरोबर येतात. क्लॅटमध्ये तसे केल्यास २० प्रश्नांमागे जेमतेम सव्वा गुण हाती लागतो, आणि नशीब फिरले तर तोटाच होतो. मात्र एक पर्याय खात्रीने खोडता आला तर तिथेही उत्तर देणे फायद्याचे. सीईटीच्या सराव पेपरात म्हणूनच शेवटची दहा मिनिटे राखून ठेवून, उरलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देऊन मगच पेपर बंद करण्याची शिस्त लावून घेतात.

निकाल वाचताना पर्सेंटाइल आणि टक्के यांची गल्लत होते. परीक्षा अनेक सत्रांत होते तेव्हा एका सत्राचा पेपर दुसऱ्यापेक्षा कठीण निघू शकतो, म्हणून आपल्या सत्रातले किती टक्के उमेदवार आपल्याइतके किंवा त्याहून कमी गुण मिळवणारे आहेत ते पाहतात. तेच पर्सेंटाइल. ९० पर्सेंटाइल म्हणजे १२० पैकी १०८ गुण नव्हेत. कठीण सत्रात त्याहून बरेच कमी गुण मिळवूनही ९० पर्सेंटाइल येऊ शकते. पेपर अवघड गेला म्हणून रडत घरी आलेल्या मुलाला हे आधी समजावून सांगायला हवे.

उत्तरतालिका जाहीर झाल्यावर उमेदवाराला आपली उत्तरे तिच्याशी ताडून हरकत नोंदवता येते. हा हक्क कागदापुरता नाही. १ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या क्लॅटच्या उत्तरतालिकेतील चुकांविरुद्ध उमेदवारच दिल्ली उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाला चुका आढळल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि मे २०२५ मध्ये त्यावर निर्णय झाला.