अपंगत्व पेन्शन नाकारल्याचं पत्र आलंय? अपील लिहिण्याआधी हे वाचा

इंदूर, महू, देवास परिसरातल्या माजी सैनिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी

आम्ही अशा अपिलांचे मसुदे करून देतो. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या हातात रेकॉर्ड ऑफिसचं पानभराचं पत्र असतं. त्यात मोघम एवढंच म्हटलेलं असतं की, तुमचं अपंगत्व सैनिकी सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही. फौजेत यालाच ‘नाना केस’ म्हणतात (neither attributable nor aggravated याचं लघुरूप). पत्र वाचून माणूस चिडतो आणि त्याच रात्री चार-पाच पानी अर्ज लिहून काढतो. किती वर्षं बर्फात काढली, मुलांची शिक्षणं कशी अडली, गुडघा कसा चालू देत नाही, सगळं त्यात येतं. ते खरंच असतं. पण अपील समितीपुढचा प्रश्न वेगळा असतो, आणि त्या प्रश्नाचं उत्तर या अर्जात सापडत नाही.

नेमकं काय नाकारलं, ते आधी शोधा

पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्याला अपंगत्वाचा भाग मिळण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, मेडिकल बोर्डानं धरलेलं अपंगत्व किमान 20 टक्के असावं. दोन, त्याचा सेवेशी संबंध असावा, म्हणजे ते सेवेमुळे झालेलं तरी असावं किंवा सेवेमुळे वाढलेलं तरी. यातलं काय अडलं हे पत्रात नीट दिसत नाही. ते रिलीज मेडिकल बोर्डाच्या (निवृत्तीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीच्या) फॉर्मवर, म्हणजे एएफएमएसएफ-16 वर दिसतं. तो हातात नसेल तर आधी माहिती अधिकारात मागवा. सोबत भरतीच्या वेळचा वैद्यकीय फॉर्म आणि दुखापत असेल तर इंज्युरी रिपोर्ट किंवा कोर्ट ऑफ इन्क्वायरीची प्रत मागा. ही कागदपत्रं पाहिल्याशिवाय आम्ही अपिलाचा मसुदा करायला घेत नाही.

बोर्डाच्या मताखाली कारण दिलंय का, हे आम्ही सगळ्यात आधी बघतो. पुष्कळदा तिथे “शरीरप्रकृतीतलाच विकार” (constitutional disorder) किंवा “शांत ठिकाणी (पीस स्टेशनला) नेमणूक असताना सुरुवात” एवढंच असतं. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुलै 2013 मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवलं. लष्कराच्या सिग्नल्स (दळणवळण) विभागातल्या या जवानाला फिट्स येऊ लागल्या आणि 1994 मध्ये त्याला बोर्ड आउट केलं, म्हणजे वैद्यकीय कारणानं मुदतीआधीच सेवेतून काढलं. बोर्डानं सेवेशी संबंध नाकारला, पण का ते लिहिलं नाही. न्यायालय म्हणालं की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं. आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, आणि शंका उरली तर तिचा फायदा सैनिकाला.

हा निकाल आता प्रत्येक अपिलात चिकटवलेला असतो. पण तो सगळीकडे लागू पडत नाही, हे आम्ही येणाऱ्याला स्पष्ट सांगतो. नरसिंग यादव यांच्या प्रकरणात 2019 मध्ये त्याच न्यायालयानं स्किझोफ्रेनियाचा दावा फेटाळला. काही मानसिक आजार भरतीच्या तपासणीत पकडताच येत नाहीत, म्हणून नुसत्या कोऱ्या नोंदीवरून सेवेशी संबंध गृहीत धरता येणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. अशा केसमध्ये नेमणुकांचा क्रम, हॉस्पिटलच्या नोंदी आणि पहिलं लक्षण कुठे दिसलं हे तारखांसह मांडावं लागतं.

सुट्टीवरचे अपघात हा आमच्याकडे वारंवार येणारा, आणि बहुधा निराशेत संपणारा प्रकार. सरकारी खर्चानं ड्यूटीवरून घरी जाताना किंवा परतताना अपघात झाला असेल, तर बाजू मांडता येते. गावी आल्यावर स्वतःच्या कामासाठी मोटरसायकलवर निघाला आणि पडला, तर न्यायालयं सेवेशी दुवा मागतात, आणि तो बहुतेक वेळा नसतो. अशी केस आम्ही घेत नाही.

30 टक्क्यांचे 50 कसे होतात

अपंगत्व पूर्ण 100 टक्के असेल तर अखेरच्या हिशेबी पगाराच्या (पेन्शन मोजताना धरतात त्या पगाराच्या) 30 टक्के रक्कम मिळते, कमी असेल तर त्या प्रमाणात. समजा हिशेबी पगार 40,000 रुपये आहे. 100 टक्क्यांना 12,000, म्हणून 30 टक्के अपंगत्वाला महिना 3,600 रुपये. पण 50 पेक्षा कमी असलेलं अपंगत्व 50 धरायचं, 50 ते 75 पर्यंतचं 75 आणि त्यापुढचं 100, असा राउंडिंगचा नियम आहे. म्हणजे 3,600 चे 6,000 होतात, वर महागाई भत्ता वेगळा. सरकार पूर्वी हा फायदा फक्त बोर्ड आउट झालेल्यांना देत असे. राम अवतार प्रकरणात 10 डिसेंबर 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं तो मुदत संपवून निवृत्त झालेल्यांनाही लागू केला. तुमच्या पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) अजून 20 किंवा 30 टक्केच दिसत असतील, तर सेवेशी संबंधाचा वाद नाही, फक्त राउंडिंग राहिलंय. हे काम सगळ्यात सोपं.

20 टक्क्यांच्या खाली असाल आणि मुदत संपवून निवृत्त झाला असाल, तर राउंडिंगनं वर येता येत नाही. अपंगत्वामुळेच बोर्ड आउट झाला असाल तर गोष्ट निराळी. सुखविंदर सिंग प्रकरणात 2014 मध्ये न्यायालयानं म्हटलं की, ज्याला अपंगत्वामुळे नोकरीतून काढलं त्याचं अपंगत्व 20 टक्क्यांहून जास्तच धरलं पाहिजे.

21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागतात. नोकरीत टिकून निवृत्त झालेल्यांना मिळणाऱ्या रकमेचं नावही ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ झालंय. त्यांनी वरचा हिशेब जसाच्या तसा धरू नये.

पायऱ्या आणि मुदती

नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील. ते फेटाळलं तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरं. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. अपिलावर सहा महिने काहीच उत्तर आलं नाही, तरी न्यायाधिकरणाचा रस्ता उघडतो. इंदूरकरांसाठी ते म्हणजे जबलपूर खंडपीठ, रात्रीची ओव्हरनाइट एक्सप्रेस धरून सकाळी पोहोचायचं. तुमचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला असो की सागरला, निवृत्तीनंतर राहता तिथल्या खंडपीठात अर्ज करता येतो. स्वतः उभं राहण्याचीही मुभा आहे, पण वकील असलेला बरा. अपंग व्यक्ती आणि महिला यांना विधिक सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. आधी तिथे विचारा, मग खाजगी वकिलाच्या फीचं बघा.

मुदत उलटून गेली म्हणून दार बंद होत नाही. पेन्शन दर महिन्याला देय असते, म्हणून उशीर माफ होऊ शकतो. उशिराचा फटका थकबाकीला बसतो. तरसेम सिंग 1983 मध्ये बोर्ड आउट झाले आणि 1999 मध्ये कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये पेन्शनचा हक्क मान्य केला, पण थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. “बघू पुढच्या वर्षी” म्हणणाऱ्यांनी याचा हिशेब करून बघावा.

निकाल बाजूनं लागला म्हणून पुढच्याच महिन्यात पैसे खात्यात येतात, असं समजू नका. 2023 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता येतं, तुम्हालाही आणि सरकारलाही. आदेश निघूनही रक्कम आली नाही तर अंमलबजावणीचा वेगळा अर्ज करावा लागतो.

आम्ही काय करतो

आम्ही वकील नाही. माहिती अधिकाराचे अर्ज, दोन्ही अपिलांचे मसुदे, कागदांची तारीखवार जुळणी आणि ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या नोंदी तपासणं, एवढंच आमचं काम. फी ठरलेली आहे आणि ती आधी सांगतो. थकबाकीत टक्केवारी मागणारे काही जण भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. सैनिक हयात नसेल तर त्यांच्या हयातीतल्या थकबाकीसाठी पत्नीनं यावं. अशा वेळी पीपीओ आणि डिस्चार्ज बुकवर पत्नीचं नाव व जन्मतारीख एकसारखी आहे का, हे घरीच पाहून या.

पहिल्या भेटीला पीपीओ, डिस्चार्ज बुक, नकाराचं पत्र आणि ते ज्या पाकिटातून आलं ते पाकीट आणा, कारण मुदत पत्र हातात पडल्याच्या तारखेपासून मोजतात. मूळ कागद दाखवा आणि परत घेऊन जा, आमच्याकडे फक्त झेरॉक्स राहील.