सिमला ऑफिस ते हिंजवडी : डेटा सायन्समध्ये आलेले आणि निघालेले

हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरातल्या त्या कचेरीला आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९०४ ते १९२४ या काळात खात्याचे प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर. मूळचे केंब्रिजचे गणिती; हवामानाशी आधी संबंध नव्हता. दूरदेशीचा हवेचा दाब, तापमान यांचा पुढच्या मान्सूनशी सहसंबंध काढून ते अंदाज बांधत. आजच्या हिशेबानं करिअर बदलून डेटा सायन्समध्ये आलेला माणूस! ढीगभर जोड्या तपासल्या की काही निव्वळ योगायोगानं जुळतात, हे त्यांनी ओळखलं होतं. तरी त्यांचे काही सहसंबंध पुढे टिकले नाहीतच.

‘डेटा सायंटिस्ट’ हे पदनाम रुळलं २००८ च्या सुमारास, अमेरिकेत. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतली पांडाज (डेटा हाताळायला) आणि सायकिट-लर्न (मॉडेल बनवायला) ही हत्यारं फुकट मिळू लागली. २०११ मध्ये स्टॅनफर्डचा मशीन लर्निंगचा, म्हणजे संगणकाला डेटावरून शिकवण्याचा, वर्ग इंटरनेटवर खुला झाला. हिंजवडी-खराडीतले टेस्टिंग आणि सपोर्टवाले, पिंपरी-चाकणचे मेकॅनिकल इंजिनियर तिकडे वळले. क्लासही निघाले.

क्लासात मॉडेल, म्हणजे जुन्या डेटावरून अंदाज बांधणारं गणित, बसवायला शिकवतात. ते सर्वांत सोपं. समजा, १,००० पार्टांत २० सदोष आहेत. ‘सगळे चांगले’ म्हणणारं मॉडेल ९८ टक्के अचूक ठरतं आणि एकही सदोष पार्ट पकडत नाही. म्हणून २० पैकी किती सापडले, हे आधी विचारावं. दुसरी चूक सेन्सरच्या नोंदींत होते. मॉडेलला शिकवायच्या आणि तपासायच्या नोंदींची चिठ्ठ्या टाकून वाटणी केली, तर १०:०५ ची नोंद शिकायला आणि १०:०६ ची परीक्षेला जाते. दोन्ही जवळपास सारख्याच, म्हणून हा सरळ पेपर फुटण्याचा प्रकार. वर्षाचा डेटा असेल तर पहिले नऊ महिने शिकवायला, शेवटचे तीन तपासायला ठेवावेत. टूल बदललं की मोजमाप सरकतं, हे शॉपफ्लोअरवरून आलेल्याला सांगावं लागत नाही. नुसत्या क्लासवाल्याला लागतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. तक्रारींचं वर्गीकरण करायला पूर्वी हजारो नोंदींना हातानं लेबलं लावावी लागत. आता नीट लिहिलेली सूचना बऱ्याचदा पुरते. निव्वळ मॉडेल बसवणाऱ्याची गरज तिथे आटली. बाहेर पडायची जवळची वाट डेटा इंजिनियरिंगची, म्हणजे डेटा गोळा करून नीट पुरवण्याच्या कामाची, कारण एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा आधीच हाताशी असते. मात्र तिथे विक्रीच्या टेबलाला दुसरं टेबल जोडताना, त्या दुसऱ्या टेबलात ‘की’ (दोन टेबलं जुळवणारा रकाना, जसा ग्राहक क्रमांक) एकदाच येते ना, हे पाहावं लागतं. नाहीतर ओळी दुप्पट होतात आणि विक्रीही कागदावर दुप्पट दिसते.